उघाडीचा मान

नारळी पौर्णिमेला खाडीला पहिला नारळ वाहायचा मान आमच्या घराचा होता. होता म्हणते, कारण आता नाही. तो गेला हे गावात सगळ्यांना माहीत आहे. का गेला, यातला एक भाग मात्र पाचच माणसांना माहीत आहे, आणि त्या पाचांत मी एक.

आमचं गाव कासू स्टेशनपासून रिक्षाने वीसेक मिनिटांवर, खाडीच्या अंगाला. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला खारं पाणी आणि मध्ये मातीचा लांब बांध. बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे दगडी बांधकामात बसवलेला दरवाजा. दोन लाकडी खांब, त्यांना खाचा, आणि खाचांमध्ये एकावर एक सरकवलेल्या जाड फळ्या. ओहोटीला फळ्या काढल्या की शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती चढायच्या आत त्या परत घालाव्या लागतात, नाहीतर खारं पाणी शेतात शिरतं. पावसाळ्याचे चार महिने हे रोज करायचं. आधी आजोबा करायचे, नंतर बाबा. ज्याच्या हाती उघाडी, त्याच्या हाती पहिला नारळ. नियम एवढाच होता.

पौर्णिमेला बाबा पांढरा सदरा घालायचे, तो एरवी कपाटात असायचा. सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ दोन्ही हातांत धरून ते उघाडीच्या वरच्या दगडावर उभे राहायचे. मागे सगळं गाव. बाबा पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटायचे आणि नारळ सोडायचे. फेकायचे नाहीत, खाली वाकून सोडायचे. मग बाकीचे. मी मुलींच्या घोळक्यात उभी राहून दुसरीकडे बघत असल्यासारखं करायची, कारण त्या वेळी सगळे आमच्याकडे बघायचे आणि मला कुणी बघितलेलं आवडत नाही. पण बाबांचा हात नारळावरून सुटायचा तो क्षण मी कधी चुकवला नाही.

पेणला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला घातलं तेव्हा गावातून त्या व्हॅनमध्ये चढणारी मी एकटीच होते. शाळेत ऑफिसच्या बाहेर लाकडी फळा होता, त्यावर दरवर्षी पहिल्या आलेल्या मुलांची नावं सोनेरी रंगात लिहिलेली. त्याला ऑनर बोर्ड म्हणायचे. माझं नाव त्यावर कधी गेलं नाही. दोन वर्षं दुसरी आले, दुसऱ्याचं नाव लिहीत नसत. बाई सांगायच्या, नाव हवं असेल तर आधी डिझर्व्ह करा. हा शब्द मला फार आवडला होता. त्यात सगळं स्वच्छ होतं. आधी मेहनत, मग लायक ठरणं, मग सोनेरी अक्षरं.

सहावी-सातवीत असताना मी बाबांना विचारलं होतं, "तुम्हाला नारळाचा मान कशाबद्दल मिळाला?"

ते फळीला तेल लावत बसले होते. म्हणाले, "मिळाला नाय. आला."

"मग तुम्ही त्याला लायक आहात हे कुणी ठरवलं?"

"अजून ठरलं कुठं? पानी ठरवतं. रोज ठरवतं."

मला ते उत्तर चुकवल्यासारखं वाटलं. शाळेत आधी लायक व्हायचं होतं आणि मग मान होता. आमच्या गावात उलटं होतं. मान आधी घरात येऊन बसायचा, आणि माणूस पुढे सगळा जन्म त्याला पुरा पडायच्या मागे. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि कळलं ते असं कळायला नको होतं.

शिक्षण संपल्यावर मला रोह्याला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने यायचं. ऑफिसात आम्ही सहा जण एका खोलीत. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदी, उरलेलं पुण्याच्या वळणाचं मराठी. मी कमी बोलायची. घरचा फोन आला की जिन्यात जायची, कारण घरी आम्ही जसं बोलतो तसं मला तिथे बोलायचं नव्हतं. कुणी हसलं असतं असं नाही. पण हसतील असं मला वाटायचं, आणि मी त्याची परीक्षा घ्यायला तयार नव्हते.

त्या वर्षी आषाढात बाबांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पेणच्या डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि सांगितलं, वाकायचं नाही, पाण्यात जायचं नाही, पंधरा दिवस. बाबांनी मान डोलावली. डाव्या डोळ्याने त्यांना आधीच फारसं दिसत नव्हतं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही आणि आम्हालाही नाही.

ऑपरेशननंतर आठवड्याने पाऊस असा लागला की चार दिवस थांबलाच नाही. नागोठण्याला बाजारात पाणी शिरलं, आमच्या गाड्या उशिरा धावू लागल्या. गावात नुकतीच लावणी झाली होती. रोपं बुडाली होती. चार दिवस पाण्याखाली राहिली की ती कुजतात, हे मलाही माहीत आहे, मी शेतात कधी उतरले नसले तरी. लोक सारखे आमच्या दारात येत होते. दर ओहोटीला जितकं पाणी काढता येईल तितकं काढायचं होतं, एक तासही वाया घालवायचा नव्हता. बाबांना बदली माणूस द्या असं आईने गावकीला म्हटलं होतं. बाबा म्हणाले, नको. हात ओळखतात फळ्या.

एरवी बाबा पाणी डोळ्यांनी वाचायचे. उघाडीच्या बाहेरच्या दगडावर एक खाच होती. पाणी तिच्याखाली उतरलं की फळ्या काढायच्या. शिवाय त्यांचा हिशेब होता. खाडीकाठच्या सगळ्या जुन्या माणसांना तो येतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ येते. ती समुद्राची. आमची खाडी आत, म्हणून बाबा त्यात एक तास मिळवायचे. भरती पुरी झाल्यावर तीन तासांनी पाणी खाचेखाली जायचं.

पौर्णिमा होऊन दुसरा दिवस होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, आम्ही सगळे डबे उघडून टेबलाभोवती बसलो असताना, बाबांचा फोन आला. बाहेर पाऊस, जिन्यात पाणी गळत होतं, म्हणून मी उठले नाही.

"गो बाय, तुज्या मोबाइलात बघ जरा. भरती कवा पुरी होतेय आज?"

असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं. गावात मात्र सांगत फिरायचे, माझ्या पोरीच्या मोबाइलात सगळ्या जगाचं भरती-ओहोटी हाय. मी फोन कानापासून काढून बघितलं. वर निळ्या रेषेची लाट होती आणि तिच्या टोकावर आकडा.

"एक चौतीस," मी हळू म्हटलं.

"माज्या हिशेबानं अडीच येतं. ती आपल्या खाडीची ना?"

शेजारची मुलगी ताक पीत माझ्याकडे बघत होती. मला फोन ठेवायचा होता. मी म्हटलं, "हो बाबा. हे सॅटेलाइटवरून असतं. तुमचं ते जुनं आहे."

ते म्हणाले, "बरं. म्हंजे साडेचारला फळ्या काढाय हरकत नाय. तू सांगतंस तर बरोबरच असंल." आणि फोन ठेवला.

लाटेच्या खाली, बारीक राखाडी अक्षरांत, जागेचं नाव होतं. मुंबईचं बंदर. मी ते दुसऱ्या दिवशी वाचलं आणि घरी सांगितलं.

साडेचारला उघाडीवर काय झालं ते मला आईकडून कळलं. आई छत्री धरून त्यांच्या मागे उभी होती. पाऊस इतका की दगडावरची खाच दिसत नव्हती, तिला दिसत नव्हती तर त्यांना कुठून दिसणार. बाहेरचं पाणी अजून आतल्यापेक्षा वीतभर वर होतं. बाबांनी वरची फळी काढली, मग दुसरी. दुसरी निघताना आवाज बदलला. आई म्हणते, पाणी बाहेर जाताना वेगळं वाजतं आणि आत येताना वेगळं. बाबांनी डोकं वर केलं, काळ्या चष्म्यातून कुठेतरी बघितलं आणि म्हणाले, "ह्ये उलटं चाललंय." फळी परत खांबाच्या खाचेत बसवायला गेले. ती धारेने हातातून हिसकावून नेली आणि तिच्यासोबत खांबाचा कुजलेला तुकडा. खांब हलला तसे दगड सुटले.

रात्रीची भरती आत आली. दुसऱ्या दिवशीच्या दोन्ही आल्या. माणसं वाळूची पोती टाकत होती, पोती वाहून जात होती. उघाडीच्या जागी जे भगदाड पडलं त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड प्रत्येक भरतीला रुंद होत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीतला एक जण, ज्याचा पोकलेन हायवेच्या कामावर असतो, तो मशीन घेऊन बांधावरून आला. बांध त्या वजनाने खचला असता तर मशीनही गेलं असतं आणि तोही. तो आत बसून राहिला, सहा-सात तास माती टाकत. संध्याकाळपर्यंत खांड बुजली. हे मी स्वतः बघितलं. त्या दिवशी मी रजा घेतली होती.

आठ दिवसांत खालच्या अंगाची सगळी भातशेती पिवळी पडली, मग तपकिरी. खारट झालेली जमीन गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे जावे लागतात. आमचं शेत वरच्या अंगाला होतं. ते वाचलं. यामुळे लोक काय बोलले असतील ते सांगायला नको.

आई मला एकदाच बोलली. मी भांडी घासत होते, ती मागून आली आणि म्हणाली, "तुला येक मोबाइल बघायचा व्हता गो. येक." आणि राख घेऊन गेली. त्यानंतर तिने हा विषय काढला नाही. बाबांनी एकदाही काढला नाही.

रविवारी देवळात गावकी बसली. बायका मागे, खांबांच्या पलीकडे. मी आईच्या शेजारी बसले होते. बाबा पुढे, काळा चष्मा लावून, पाय दुमडून. सुरुवातीला बांधाचं बोलणं झालं, सरकारी उघाडी कधी मंजूर होणार त्याचं झालं. मग कुणीतरी पौर्णिमेचा विषय काढला.

"नारळाचं काय करायचं औंदा?"

"काय करायचं म्हंजे? हाय त्याचा हाय."

"फळी कवा काढायची ज्याला कळत नाय, त्याचा?"

"अरं, डोल्याचं आपरेशन झालंय त्याचं."

"मग घरी बसायचं. गॉगल लावून हिरो बनून कशाला गेला व्हता?"

हसले लोक. खूप नाही, पण हसले. ज्यांची शेतं पिवळी पडली होती तेही हसले, आणि मला वाटतं त्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "लायकी काढू नका रं कुनाची." म्हणजे बाजूने बोलणाऱ्याने तो शब्द काढला. लायक म्हटलं तर शाबासकी असते, लायकी म्हटलं की भांडण. हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

मग गावकीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे थोरले काका म्हणतात, बाबांकडे वळले. "तुमी बोला. काय झालं त्या दिवशी?"

उभं राहायचं होतं फक्त. मुंबईच्या बंदराची वेळ मी सांगितली, असं म्हणायचं होतं. पाच शब्द. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

"वेळ चुकली," बाबा म्हणाले. "माजी चूक. दुसऱ्या कुनाची नाय."

"हिशेब चुकला?"

"व्हय. हिशेब चुकला."

त्यांचा हिशेब बरोबर होता. अडीच. मी बसून राहिले. सभा उठली तेव्हा नारळ पोकलेनवाल्याला द्यायचा असं ठरलेलं होतं, आणि कुणाचाच विरोध नव्हता, बाबांचाही.

त्यानंतरचे तीन दिवस मी ऑफिसात चुका केल्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी स्टेशनवरून घरी न जाता थोरल्या काकांकडे गेले. ते ओट्यावर बसून वाल सोलत होते. मला बस म्हणाले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. इतकं सलग मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. फोन, वेळ, बंदर, सॅटेलाइट. सगळ्यांना सांगा म्हटलं. बाबांचा मान परत द्या म्हटलं.

ते सोलत राहिले. "मला ठाव हाय, बाय."

"कसं?"

"तुजा बा तिथीला चुकनारा मानूस नाय. आनि तुजी आय खांड पडली त्याच्या दुसऱ्या रातीला रडत आमच्या हिच्याकडं आली व्हती."

"मग तुम्ही सभेत का नाही बोललात?"

त्यांनी टोपलं बाजूला ठेवलं. "काय बोलू? आज लोकं म्हनतात, म्हातारा झाला, डोला गेला, चुकला. चुकतो मानूस. उद्या तू सांगितलंस की लोकं काय म्हनतील? उघाडी संभालनाऱ्याला पानी कवा उतरतं ते पोरीला इचारावं लागतं. आपला हिशेब सोडून मोबाइलवर गाव बुडवला. आता नुसता नारल गेलाय. मग मागलं सगलं जाईल. तुज्या आज्याचंबी."

मी आले होते तेव्हा माझ्याकडे निदान एक गोष्ट होती, जी सांगितली की काहीतरी सुधारेल असं वाटत होतं. ती आता उरली नाही. ती खरी होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता.

"बस गो," ते परत म्हणाले. "आनि येक काम हाय. तुमच्याकडं तो प्रिंटर हाय ना? त्या पोकलेनवाल्याला सन्मानपत्र द्यायचंय. तू लिव. शिकलेली हायस."

नाही म्हणायला कारण हवं असतं. माझ्याकडे होतं ते आत्ताच निकाली निघालं होतं.

मराठी मी ऐकून शिकले, वाचायला नंतर. सन्मानपत्र कसं लिहितात ते मला माहीत नव्हतं. ऑफिसात एका साहेबांच्या निवृत्तीला दिलेलं एक होतं, त्याचा फोटो काढून आणला आणि त्यातून शब्द उचलले. अतुलनीय कार्य. समाजभूषण. आपला गौरव करताना आम्हांस अत्यानंद होत आहे. लॅपटॉपसमोर बसून मी हे टाइप करत असताना बाबा मागे येऊन बसले. त्यांचा चष्मा तोवर निघाला होता. नव्या डोळ्याने त्यांना स्क्रीन वाचता येत होती.

"काय लिवतंस?"

मी लपवायला गेले. मग सांगितलं. ते सावकाश वाचत राहिले, ओठ हलवत.

"अतुलनीय काढ," ते म्हणाले.

"का?"

"त्यानं सात तास माती टाकली. बांध खचला असता तर मेला असता. त्ये लिव. अतुलनीय म्हंजे काय केलं ते कुनाला कळनार?"

मी ते काढलं. समाजभूषणही त्यांनी काढायला लावलं, म्हणाले त्या पोराला लाज वाटंल. मग 'लायक' वर थांबले. मी लिहिलं होतं, या मानास आपण सर्वस्वी लायक आहात.

"लायक नको. सभेत ऐकलंस ना. पात्र लिव."

"पात्र म्हणजे तेच ना?"

"तेच. पन पात्र म्हनून कुनी शिव्या देत नाय."

असं तासभर चाललं. त्यांना सातवीनंतर शाळा मिळाली नाही, पण शब्द तोलायला त्यांना माझ्यासारखी डिक्शनरी लागत नव्हती. कुठे 'मान' म्हणायचं आणि कुठे 'सन्मान', ते सांगत होते. मान घराला असतो, म्हणाले, सन्मान मानसाचा करतात. त्या पोराचा सन्मान करा, पन मानाचा नारल त्याच्या हाती देताय, तेबी लिवा. मी खाली मान घालून टाइप करत होते. ज्या वाक्याने त्यांच्या घरातून ती गोष्ट कायमची जाणार होती, त्या वाक्याला ते योग्य शब्द देत होते. मधेच मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांना ते काम आवडत होतं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना काहीतरी विचारत होतं.

शेवटी मी त्यांना न सांगता एक ओळ घातली. आजवर ही जबाबदारी निष्ठेने सांभाळणाऱ्या घराण्याचेही गाव आभार मानते. त्यांनी ती वाचली.

"ही काढ."

"बाबा, खरं आहे हे."

"खरं हाय. पन दुसऱ्याच्या पत्रात आपलं घुसवलं की मागितल्यासारखं दिसतं." आणि उठून गेले. मी ओळ पुसली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पोकलेनवाला घरी आला होता. माझ्याच वयाचा, लाजाळू, बाबांच्या पाया पडला. म्हणाला, "काका, नारळ मी सोडीन, पन तुमचा हात लागू द्या सोबत."

"नाय रं," बाबा म्हणाले. "दोघांनी धरला की कुनाचाच ऱ्हात नाय. वाकून सोड. फेकू नको, येवढंच."

त्याने फेकला नाही. दुसऱ्या दिवशी नीट वाकून सोडला. त्याच्याबद्दल राग धरावा असं त्याने काहीच केलं नाही, आणि त्यामुळे सगळं अजून कठीण झालं. बाबा गर्दीत तिसऱ्या-चौथ्या ओळीत उभे होते. पांढरा सदरा नव्हता. रोजचाच होता. नारळ पाण्यात गेला तेव्हा सगळ्यांबरोबर त्यांनीही हात जोडले.

मग देवळापुढे मांडवात शाळेतल्या गुरुजींनी सन्मानपत्र वाचलं. चांगलं वाचलं. सात तास, खचणारा बांध, सगळं आलं, आणि बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पोकलेनवाला खाली बघत होता. टाळ्या संपल्यावर थोरले काका माइकजवळ आले आणि म्हणाले, हे पत्र आपल्या गावच्या लेकीने लिहिलं आहे, तिचंही कौतुक करूया.

मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. नंतर मला वाटलं की त्यांनी ते आमच्यासाठीच केलं असावं, घरात काहीतरी जावं म्हणून. पेणच्या दुकानातून आणलेलं एक सन्मानचिन्ह होतं, काचेसारख्या प्लॅस्टिकचं, त्यावर सोनेरी अक्षरात 'गुणवंत कन्या'. मागे वळले तर सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. खालच्या अंगाच्या शेतांचे मालकही टाळ्या वाजवत होते. मी नाही म्हणू शकत होते. आजारी असल्यासारखं करू शकत होते. मी पुढे गेले, दोन्ही हातांनी ते घेतलं आणि इंग्रजीत थँक यू म्हणून परत आले.

माझं नाव सोनेरी अक्षरात असावं असं मला शाळेत वाटायचं. त्यावर माझं नाव नव्हतं, एवढं बरं होतं.

घरी आल्यावर ते मी माझ्या बॅगेत ठेवलं होतं. बाबांनी मागून घेतलं. शर्टाच्या टोकाने पुसलं आणि टीव्हीच्या वरच्या फळीवर, मधोमध, दारातून आत येणाऱ्याला दिसेल असं ठेवलं. थोडं डावीकडे सरकवलं, परत मधे आणलं.

"बाबा, राहू दे ते."

"का? घरातून गेलं तेवडं घरात आलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते हसत नव्हते आणि मला टोचतही नव्हते. ते त्यांना खरंच वाटत होतं, किंवा वाटावं असं त्यांनी ठरवलं होतं. "पोरीच्या नावानं आलं. त्येबी चांगलंच हाय."

तोवर मला वाटत होतं, की थोरले काका काहीही म्हणोत, एक दिवस मी सांगेनच. बाबा गेल्यावर का होईना. त्या क्षणी तेही संपलं. ज्या एका गोष्टीवर ते आता उभे होते ती माझ्या खोटेपणावर उभी होती, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा त्यांचा मान मीच काढून घेतला असता.

याला आता दोन पावसाळे झाले. खालची शेतं अजून पडीक आहेत, मधे हिरवे पट्टे दिसतात पण ते भाताचे नाहीत. उघाडीवर दुसरा माणूस जातो. बाबा बांधावर जात नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसतात. मी रोह्याहून येते तेव्हा पाण्याबद्दल मला काही विचारत नाहीत.

गेल्या आठवड्यात आईकडचे कुणी लांबचे पाहुणे आले होते, माझ्या लग्नाच्या गोष्टी काढायला. त्यांच्यातल्या बाईंची नजर टीव्हीवरच्या फळीवर गेली.

"ह्ये कशाबद्दल मिळालं गो तुला?"

मी बाबांकडे बघितलं. ते सरळ होऊन बसले होते.

"खांड पडली व्हती गावाला," ते म्हणाले. "त्या टायमाला लई काम केलं हिनं."

मी चहा ठेवायला आत गेले. आई आधीच चुलीपुढे होती. तिने माझ्याकडे न बघता डब्यातली साखर पुढे सरकवली.